मदत हवी आहे: आग्र्याकडच्या जुन्या बॅप्टिस्ट चर्चचं रजिस्टर आणि आजेसासऱ्यांची १९२६ ची नोंद

लश्करवाली:
नमस्कार मंडळी, आजवर वाचनमात्रच होते, पहिल्यांदा धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही ग्वाल्हेरला, लश्कर भागात राहतो. सासरचे मूळ नगरचे ख्रिस्ती. आजेसासरे जीआयपी रेल्वेत होते, झाशी-ग्वाल्हेर-आग्रा लाईनवर बदल्या होत होत आग्र्याकडच्या एका छोट्या गावात टिकले, सासऱ्यांचं लहानपण तिथलंच. तिथं एक बॅप्टिस्ट चर्च आहे, अगदी छोटं, पुलपिटसमोरच्या लाकडी फळ्या उचलल्या की खाली पायऱ्यांचा हौद आहे बाप्तिस्म्यासाठी, आता त्यात जुने बाक आणि नाताळचं सामान ठेवलंय. तिथले लोक स्मरणिका काढतायत आणि आमच्या घराण्याबद्दल दोन पानं माझ्या गळ्यात पडलीत, कारण म्हणे बहू की भाषा अच्छी है. (हिंदीत लिहायचंय, मराठीत असतं तर एव्हाना झालं असतं!)

सभासदांचं रजिस्टर बघायला मिळालं. कसर लागलेलं, पण वाचता येतं. भाषा उर्दू आणि अक्षरं इंग्रजी, त्या काळी मिशनवाले लिहायचे तसं. रकाने असे - नाव, कहां से आया, बपतिस्मा, कैफियत (म्हणजे शेरा). बऱ्याच जणांपुढे बपतिस्म्याचा रकाना रिकामा आणि कैफियतीत "ब-जरिया-खत, आगरा" असं लिहिलंय. आजेसासऱ्यांच्या ओळीत मात्र उलटं आहे, कहां से मध्ये अहमदनगर, बपतिस्मा मार्च १९२६, कैफियत कोरी.

झालं, चुलत सासरे म्हणाले १९२६ ला ख्रिस्ती झाले असंच छापा, पुरावा समोर आहे. आतेसासूबाई भडकल्या, त्यांचं म्हणणं आमचे आजोबाच नगरला मिशनच्या शाळेत मास्तर, मग बाप जन्मानंच ख्रिस्ती नाही का? आता दोघांचं बोलणं बंद आहे आणि निरोप माझ्यामार्फत. सासरे म्हणतात छाप दो कुछ भी.

तर खरं काय धरायचं? आणि दुसरं, चर्चच्या दगडावर १९०८ आहे पण रजिस्टरचं पहिलं पान १८८९ चं, मग चर्चचं वय कुठून मोजायचं?

शब्बाथशाळा:
ताई सलाम. आतेसासूबाईंना सांगा शांत व्हा, तुमचंच बरोबर असण्याची शक्यता जास्त.

नगरला अमेरिकन मराठी मिशन, १८३१ पासून. ते काँग्रिगेशनल, म्हणजे तान्ह्या बाळाला पाणी लावून बाप्तिस्मा देणारे. बॅप्टिस्टांकडे बाळाचा बाप्तिस्मा नसतोच, माणसानं समजून उमजून विश्वास कबूल करायचा आणि मग पूर्ण पाण्यात बुडून घ्यायचा, तुमचा तो हौद त्यासाठीच. त्यामुळे दुसऱ्या बॅप्टिस्ट मंडळीतून, म्हणजे चर्चच्या सभासदांतून, कोणी आला तर तिथल्या पत्रावर काम भागायचं, तेच तुमचं ब-जरिया-खत, म्हणजे पत्राद्वारे. पण लहानपणी पाणी लावलेला नगरचा माणूस सभासद व्हायला आला तर बऱ्याच मंडळ्या त्याला हौदात उतरवूनच घ्यायच्या. त्यांच्या दृष्टीनं हाच पहिला बाप्तिस्मा, म्हणून तारीख आहे आणि पत्र नाही.

अर्थात नुसत्या या ओळीवरून आधी काय होते ते सिद्ध होत नाही, हिंदू असते तरी नोंद अशीच दिसली असती. नगरच्या पहिल्या मंडळीत, ह्यूम मेमोरियल, जुनी बाप्तिस्मा रजिस्टरं विचारा. तिथं तान्हेपणीची नोंद सापडली की विषय संपला.

जुने_कागद:
+१. नगरला विचारताना आजेसासऱ्यांच्या वडिलांचं नाव आणि अंदाजे जन्मसाल आधी द्या, नुसतं आडनाव सांगितलंत तर कोणी शोधणार नाही. ज्ञानोदयचे जुने अंकही बघा, १८४२ ला नगरलाच सुरू झालं ते, मिशनच्या शाळामास्तरांचा उल्लेख सापडू शकतो.

दगडाचं म्हणाल तर दगड इमारतीचा असतो. बॅप्टिस्टांत मंडळी म्हणजे माणसं, चार लोकांनी एकत्र येऊन सभासदांची यादी केली की मंडळी झाली, इमारत पैसे जमतील तेव्हा, तोवर कोणाच्या तरी ओसरीवर उपासना. १८८९ च्या पानावर पहिली नावं कशी आलीत बघा. सगळी एकाच तारखेची असतील तर ती स्थापना समजायला हरकत नाही. विखुरलेल्या तारखा असतील तर जुन्या वहीतून उतरवून घेतलेली यादी असणार, मग मंडळी त्याहून जुनी. आणि हो, सभांची कार्यवृत्तं मागा, कोणाला घेतलं, कोणाला काढलं, का काढलं (दारू, देणी, भांडणं), सगळं त्यात असतं, खरा मसाला तिथंच. स्मरणिकेत सगळं छापू नका मात्र.

बाहेरचं बघायचं तर इंग्लंडच्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचं, म्हणजे १७९२ ला निघालेल्या विल्यम केरीच्या सोसायटीचं मिशनरी हेराल्ड मासिक, बरेच अंक नेटवर स्कॅन केलेले आहेत. गावाचं नाव आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर हाती काही लागणार नाही, इंग्रज काय लिहायचे ते आधी बघा. मूळ कागद ऑक्सफर्डला अँगस लायब्ररीत, काही सेरामपूर कॉलेजात.

आणि रजिस्टरला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नाही. खिडकीजवळ ठेवून मोबाईलनं पानापानाचे फोटो घ्या, कोरी पानंसुद्धा.

इंदौरी_पोहे:
केरी म्हणजे ज्यानं बंगालात बसून १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं तोच ना? मराठीला कोश दिला आणि मंडळ्या मात्र भलतीकडेच काढल्या :) आमच्या माळव्यात सगळे कॅनडाचे प्रेस्बिटेरियन, इंदूरचं ख्रिश्चन कॉलेज त्यांचंच, १८८७ चं.
एक शंका, १९७० ला नागपुरात सहा चर्चं मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं तेव्हा बॅप्टिस्ट त्यात गेले ना? मग हे चर्च अजून बॅप्टिस्ट कसं?

शब्बाथशाळा:
गेले, उत्तरेतल्या बॅप्टिस्टांची संघटना त्या सहा चर्चांपैकी एक होती. सीएनआयनं बाळाचा आणि मोठ्यांचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले तेव्हा कुठं जमलं. पण काही मंडळ्या बाहेर राहिल्या, आणि आत गेलेल्यांतही बोर्ड न बदललेले आहेतच. ताई, तुमचं चर्च कुठल्या गटात ते पाळकसाहेबांना विचारा, १९७० नंतरची रजिस्टरं कुठं मिळतील ते त्यावर ठरेल.

लश्करवाली:
खूप खूप आभार सगळ्यांचे!! खताचा अर्थ आतेसासूबाईंना फोनवर वाचून दाखवला, त्यांनी लगेच चुलत सासऱ्यांना ऐकवायला सांगितला, मी म्हटलं नगरहून उत्तर येऊ दे. तोवर स्मरणिकेत "१९२६ मध्ये या मंडळीचे सभासद झाले" एवढंच लिहिते, त्यात कोणाचं काही जात नाही.

१८८९ च्या पानाचा फोटो मोठा करून बघितला, पहिली अकरा नावं एकाच तारखेची आहेत. पण समासात दोन ओळी फारसी लिपीत आहेत, घाईघाईत लिहिलेल्या, इथं बाड्यावरच्या एका उर्दूच्या मास्तरांना दाखवल्या तर ते म्हणाले शिकस्ता (मोडून लिहिलेलं घसटं अक्षर) आहे, आपल्याला नाही जमणार. इथं कोणाला वाचता येत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज, फोटो पाठवते.