मदत हवी आहे: लिलावात जेसीबी लागला, बाकी पैसे भरू की अनामत सोडू?

मुरूम_माती
नमस्कार मंडळी. फायनान्सवाल्यांच्या ऑनलाइन लिलावात ३डीएक्स जेसीबी लागला, अकरा लाख चाळीस हजारांना. अनामत पन्नास हजार भरलीय. बाकीचे सात दिवसांत भरायचे, त्यातले तीन गेले. आता यार्डवाला म्हणतो आरसी नाही. घ्यावा का? लवकर सांगा, शुक्रवार शेवटचा.

टेम्पो_४०७
मॉडेल कुठलं? तास किती? यार्ड कुठे, पासिंग कुठलं? चालू करून बघितला का?

मुरूम_माती
२०१८. मीटरवर ४,१०० तास. यार्ड चाकणजवळ, मी धारूरचा. पासिंग एमएच २३. फोटोत एकदम चकाचक आहे. मी आरसीचं विचारलंय.

पोकलेनदादा
म्हणजे न बघता बोली लावलीत. फोटोत सगळेच चकाचक असतात भाऊ, धुऊनच काढतात. हिशोब करा: दिवसाला सहा तास, वर्षात अडीचशे दिवस, म्हणजे दीड हजार तास. चार वर्षं जरी पळाला तरी सहा हजार होतात. मीटर बदलायला अर्धा तास लागतो, ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र कोणी बदलत नाही. ते बघा. मग बकेटच्या पिनेजवळ पहार घालून उचला, किती हलतंय ते हाताला कळतं. मागचा बूम जिथून डावी-उजवीकडे फिरतो तिथेही तेच. आणि इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून त्याच तोंडावर उपडं ठेवा. उडालं तर इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा गेल्या.

अर्धा_वकील
आरसीचं काही टेन्शन नाही. लिलावात घेतलेल्या गाडीसाठी फॉर्म ३२ असतो. तो भरा, नाव लागतं.

पासिंग_एजंट
वकीलसाहेब, ३२ हा केंद्र किंवा राज्य सरकारने केलेल्या लिलावाचा. हप्ते थकले म्हणून ओढलेल्या गाडीला तो चालत नाही. तिथे फायनान्सवाल्याने फॉर्म ३६ भरून आरसी आधी स्वतःच्या नावावर काढायची, मग फॉर्म २९-३० वर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जांवर, तुमच्या नावावर. शिवाय फॉर्म ३५ आणि एनओसी लागते, आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायला. ३६ ला आरटीओ जुन्या मालकाला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवतं. मालकाने कर्ज घेतानाच २९-३० वर सह्या दिल्या असतील तर काम हलकं.

अर्धा_वकील
माझ्या मेव्हण्याचं ३२ वर झालंय.

पासिंग_एजंट
गाडी कोणाची होती?

अर्धा_वकील
जिल्हा परिषदेची जीप.

पासिंग_एजंट
मग झालं की!

सुलभ_मराठी
विषयांतराबद्दल क्षमस्व. जेसीबी हे कंपनीचं नाव आहे, यंत्राचं नव्हे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड, इंग्लंड, १९४५. यंत्राला बॅकहो लोडर म्हणतात. पोकलेनसुद्धा मुळात फ्रेंच कंपनी.

पोकलेनदादा
धारूरच्या नाक्यावर उभं राहून बॅकहो लोडर मागा. कोणी आलं तर कळवा.

हप्ता_किंग
जुन्याच्या नादी लागूच नका. मी नवीन घेतला, वॉरंटी, सर्व्हिसवाला साइटवर येतो. सीझिंगच्या, म्हणजे ओढून आणलेल्या मशीनला त्या घरची हाय लागते.

टेम्पो_४०७
हाय लागते म्हणून जगात जुन्या गाड्या विकायच्या थांबल्यात का? माझा टेम्पो सीझिंगचाच आहे, अकरा वर्षं चालवतोय. मुरूमभाऊ, बोलीच्या रकमेत जीएसटी धरलाय का? आणि यार्डाचं पार्किंग भाडं, मागचा कर, चलनं कोणावर?

मुरूम_माती
जीएसटी वेगळा वाटतं. कागदावर "जसं आहे, जिथे आहे" एवढंच लिहिलंय. पार्किंगचं बघतो.

पासिंग_एजंट
"वाटतं" नको, वाचा. त्या एका ओळीचा अर्थ, नंतर काही निघालं तरी त्यांच्याकडे यायचं नाही. आणि चेसिस नंबर प्लेटवरचा नको, चेसिसवर ठोकलेला घ्या, लिलावाच्या कागदाशी जुळवा.

नवखा_ऑपरेटर
जेसीबी चालवायला कुठलं लायसन्स लागतं? ट्रॅक्टरचं चालतं का?

मुरूम_माती
मिस्त्रीला घेऊन आज चाकणला गेलो. बॅटरीच नव्हती. शेजारच्या डंपरची काढून लावली, यार्डवाला नको नको म्हणत होता. चौथ्या स्टार्टरला उठला. पेडलवर रबर नाहीच, लोखंड आरशासारखं घासलंय, आणि मीटरची काच नवीकोरी. झाकण ठेवलं तर उडून मिस्त्रीच्या पायावर पडलं. मिस्त्री म्हणतो इंजिन उघडावं लागेल, पंप मात्र ठीक आहे. चेसिस नंबर जुळला. फॉर्म ३६ विचारला तर म्हणाले फाइल पुण्याच्या ऑफिसात आहे. खरं सांगायचं तर तलावातल्या गाळाचं काम घेऊन बसलोय, सोमवारी सुरू करायचंय.

पोकलेनदादा
हे पहिल्याच दिवशी लिहायचं ना! पैसे शुक्रवारी भरलेत तरी रिलीज ऑर्डर, ट्रेलर, इंजिनचं काम यात सोमवार कसा गाठणार? गाळाला भाड्याचं मशीन लावा, तासावर मिळतं. याचा निर्णय वेगळा घ्या. इंजिनचा खर्च आणि जीएसटी अकरा चाळीसमध्ये मिळवा. चालत्या मशीनच्या भावाच्या वर जात असेल तर पन्नास हजारांवर पाणी सोडा.

पासिंग_एजंट
आणि २९-३० वर मालकाच्या सह्या आहेत का, एवढं मेलवर लेखी मागा. उत्तर येईपर्यंत बाकी रक्कम पाठवू नका. मुदत वाढवून मागा, कागद त्यांच्याकडे नाहीत, चूक तुमची नाही.

मुरूम_माती
मेल टाकला. उत्तर नाही. फोनवर म्हणतात आधी पैसे भरा.

टेम्पो_४०७
त्याच यार्डात छोटा हत्ती दिसला का एखादा?