इंजेक्शन चुकवू नकोस
तू माझ्यासारखाच ट्रान्स पुरुष, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुरू होऊन चार महिने झाले, पाठ नि खांदे पुळ्यांनी भरलेत, म्हणून पुढचं इंजेक्शन चुकवू का, असं विचारलंयस. स्वतःच्या मनाने चुकवू नकोस रे. या हार्मोनने त्वचेतल्या तैलग्रंथी जोरात कामाला लागतात. बहुतेकांना पहिलं वर्ष जड जातं, मग हळूहळू उतरतं. माझंही तसंच झालं. फारच झालं तर रक्तातली पातळी बघून डोसचं काय ते डॉक्टर ठरवतील.

मी रत्नागिरीचा. मे महिन्यात इथे शर्ट अंगाला चिकटलेलाच, त्यात आतून बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालतात तो घट्ट कपडा. आजी रोज पाठीला खोबरेल चोळायची, 'उष्णता बाहेर पडतेय' म्हणत. खोबरेलाने छिद्रं बुजतात, ते आधी थांबवलं (आजी आठवडाभर रुसली). संध्याकाळच्या आंघोळीत अडीच टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड हे पुळ्यांवरचं औषध पाठीवर दोन-तीन मिनिटं ठेवून धुवायचो. पंचा पांढराच घे. माझा निळा ठिकठिकाणी विटला, जणू चुना उडालाय. चेहऱ्याला रात्री अ‍ॅडापलिन, म्हणजे पुळ्यांवरचं जेल, वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड. आठ-बारा आठवडे तरी धीर धर.

दुकानातून कुणी सुचवलेली 'गोरं करणारी' ट्यूब मात्र नको, त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. पुळ्या फारच असतील तेव्हाच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या त्वचारोगतज्ज्ञाकडूनच. गर्भाशय असेल तर त्या काळात गर्भ राहता कामा नये. आणि टेस्टोस्टेरॉनने पाळी थांबली म्हणजे ती काळजी मिटली, असं नाही.