गिझरचा कटआउट सारखा पडतोय, थर्मोस्टॅट बदलू की सरळ नवीन घेऊ?

पाथर्डीफाटावाला
नमस्कार मंडळी. थंडी पडली आणि बरोब्बर आमच्या गिझरने मान टाकली. १५ लिटरचा उभा स्टोरेज गिझर आहे, २ किलोवॅटचा, ७ वर्षं झाली. प्यायला मनपाचं पाणी येतं पण बाथरूमला सोसायटीचं बोअरचं, इतकं क्षाराचं की बादली आठवड्यात पांढरी पडते.

तर प्रकार असा, की ३-४ दिवस व्यवस्थित चालतो आणि मग एखाद्या सकाळी नळातून वाफाळतं, अक्षरशः चहा टाकावा असं पाणी येतं आणि त्यानंतर गिझर ठार बंद, दिवा पण लागत नाही. मेकॅनिक आला, खालचं झाकण काढून आत एक बारीक बटण दाबलं, ३५० रुपये घेतले आणि गेला. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी म्हणाला, "कटआउट वीक झालाय, डायरेक्ट करून देतो, म्हणजे कटआउट वगळून वायर सरळ जोडतो, कटकटच नको." मी नको म्हटलं कारण पोटात गोळा आला, पण का नको ते मला पण नीट सांगता येईना.

प्रश्न दोन. थर्मोस्टॅट आणि कटआउट यात फरक काय? आणि बाहेरचा नॉब आम्ही कायम फुल ठेवतो, पाणी लवकर तापावं म्हणून, त्याने काही बिघडलं असेल का? घरात आई आहे ७२ वर्षांची, तिला पहाटे ५ ला गरम पाणी लागतंच, त्यामुळे लवकर सांगा.

भो_नाशिककर
करा डायरेक्ट बिनधास्त. माझ्याकडं दोन वर्षं झाली, काही होत नाही. पाणी तापलं की बटण बंद करायचं, सिंपल.

जुना_वायरमन
वरच्या भाऊंचं ऐकू नका. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी नॉबचं. नॉब म्हणजे गॅसची शेगडी नाही, की फुल केली आणि आच वाढली. कॉइल २ किलोवॅटची आहे ती कायम २ किलोवॅटनेच तापवणार, नॉब ४० वर असो की ७५ वर. नॉब फक्त एवढंच सांगतो की थांबायचं कधी. आत टाकीत एक बंद नळी गेलेली असते, तिच्यात थर्मोस्टॅटचा दांडा बसतो. या दांड्यात दोन वेगळे धातू असतात, बाहेरची पितळी नळी तापली की लांबते आणि आतली सळई जवळजवळ तेवढीच राहते, त्या फरकाने वरचा कॉन्टॅक्ट उघडतो आणि टक् आवाज येऊन हीटिंगचा दिवा जातो. काही मॉडेलात दांड्याऐवजी बारीक तांब्याची केशनळी असते, तिच्या टोकाच्या फुग्यातलं तेल प्रसरण पावून तेच काम करतं. पाणी काही डिग्री खाली आलं की पुन्हा टक्, पुन्हा चालू. हा काही डिग्रीचा फरक मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर दर मिनिटाला टकटक चालली असती.

कटआउट हा त्याच्या मागे उभा असलेला दुसरा राखणदार. थर्मोस्टॅटने थांबवायचं विसरलं आणि पाणी प्रमाणाबाहेर तापलं तर तो लाइन तोडतो, आणि आपोआप जोडत नाही, कोणीतरी येऊन हाताने बटण दाबावं लागतं. मुद्दाम तसं केलंय, म्हणजे कोणीतरी येऊन बघेल की झालंय काय. तुमच्या मेकॅनिकने बटण दाबलं पण बघितलं काहीच नाही. तो कटआउट वीक नाही हो, तो एकटाच इमानदारीने काम करतोय तुमच्या घरात!

आता कारण. पाणी आधी उकळतं आणि मग बंद पडतं, म्हणजे थर्मोस्टॅट वेळेवर सोडत नाहीये. २ किलोवॅटला जवळजवळ ९ अँपिअर करंट जातो, दर वेळी कॉन्टॅक्ट उघडताना बारीक ठिणगी पडते, ७ वर्षांत ते कॉन्टॅक्ट खरवडून कधी कधी एकमेकांना चिकटतात. किंवा त्या नळीवर क्षाराचा जाड थर बसलाय, पाणी तापलं तरी दांड्याला उशिरा कळतं. बोअरच्या पाण्यात दोन्ही एकदम असणं काही नवल नाही. तिसरी गोष्ट, वायरचा लग (टोकाला बसवलेली धातूची जोडणी) ढिला असला की तिथेच गरम होतं आणि तापलेलं टर्मिनल कटआउटला उगाच पाडतं, पण मग पाणी कोमट असतानाच बंद पडलं असतं. तुमचं तसं नाही.

घरी बघायची एक खूण सांगतो. थंड टाकी भरून चालू करा आणि घड्याळ लावा. १५ लिटर पाणी २० डिग्रीवरून ६० ला न्यायला २ किलोवॅटला साधारण २१ मिनिटं लागतात, कडाक्याच्या थंडीत चार मिनिटं जास्त धरा. नॉब मध्यावर ठेवून पाऊण तास झाला तरी दिवा गेलाच नाही तर बंद करा आणि नळ सोडताना हात लांब ठेवा, थर्मोस्टॅट चिकटलाय. पाच मिनिटात दिवा जाऊन पाणी कोमटच, तर तो लवकर सोडतोय. मीटर असेल तर मेन बंद करून, वायर काढून कॉइल मोजा, २ किलोवॅटची कॉइल साधारण २६ ओहम दाखवते. कॉइलचं टोक आणि टाकीची बॉडी यांच्यात काहीही दाखवलं तर हातच लावू नका, कॉइल लीक आहे, म्हणजे करंट टाकीत उतरतोय.

भो_नाशिककर
काका पण बटण मी स्वतः बंद करतो ना लक्ष ठेवून, मग कटआउट पायजेच कशाला

जुना_वायरमन
आणि ज्या दिवशी पाहुणे आले, फोन आला, विसरलात? थर्मोस्टॅट चिकटलेला, कटआउट डायरेक्ट, आणि वरून तिसरा राखणदार म्हणजे दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, तो पण क्षाराने जाम. बंद टाकीत दाबाखाली पाणी १०० च्या वर जातं तरी उकळत नाही, आणि टाकी फाटली की एकदम वाफ होते. १ लिटर पाण्याची वाफ १६०० लिटरपेक्षा जास्त जागा मागते. बाथरूम केवढं आहे तुमचं? माझ्या डोळ्यादेखत नाही पण भिंतीवरून उखडलेला गिझर बघितलाय मी, खालचा कमोड शिल्लक नव्हता. उद्या जोडून घ्या परत. रागावून नाही सांगत.

इंदिरानगरची_ताई
आमच्याकडे पण बोअर. नॉबबद्दल माझा अनुभव सांगते, यांचं आणि माझं यावरून रोज भांडण व्हायचं. हे म्हणायचे ४५ वर ठेव, लाइट बिल वाचेल. मी एकदा हिशोबच मांडला. अंघोळीला ४० डिग्रीचं पाणी लागतं, नळाचं २० धरा. ६० वर तापवलेल्या १५ लिटरात थंड मिसळलं तर ३० लिटर होतं, म्हणजे दोघांची अंघोळ. ४५ वर तापवलं तर जेमतेम १९ लिटर, मग दुसऱ्याला परत तापेपर्यंत टॉवेल गुंडाळून उभं राहा. फुल ठेवायची पण गरज नाही, पाणी जितकं जास्त तापतं तितका क्षार जास्त बसतो. मी ५५-६० च्या मध्ये ठेवते आणि नॉबला नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, म्हणजे कोणी फिरवला की कळतं 😄 आणि आईंचं म्हणाल तर बादलीत आधी थंड मग गरम, वयस्कर माणसाची कातडी पटकन भाजते.

लेस्टरमधला_देवळालीकर
इकडे इंग्लंडात घर तापवायचा बॉयलर असतो, गोष्ट तीच. बॉयलरवरचा नॉब रेडिएटरला जाणारं पाणी किती गरम ते ठरवतो, आणि हॉलमधला थर्मोस्टॅट खोली किती गरम झाली की थांबायचं ते. पहिल्या हिवाळ्यात मी घरात आलो की थर्मोस्टॅट ३० ला फिरवायचो लवकर ऊब यावी म्हणून. घर २० ला पोचायला तितकाच वेळ लागायचा, फक्त नंतर थांबायचं नाही आणि बायको खिडक्या उघडायची. इथे पण जास्त तापला की बॉयलर लॉक होतो आणि रीसेटचं बटण असतं. आमचा दोनदा लॉक झाला, दोन्ही वेळा मी दाबलं, तिसऱ्यांदा माणूस बोलावला तर पंप अडकलेला निघाला, पाणी फिरतच नव्हतं. पण इथे गॅसच्या कामाला गॅस सेफ नोंदणी असलेलाच माणूस लागतो, आत हात घालायची सोय नाही. तिकडची मिसळ आठवून रडू येतं ते वेगळं.

पाथर्डीफाटावाला
सगळ्यांचे आभार, विशेषतः वायरमन काकांचे. अपडेट देतो.

घड्याळ लावून बघितलं. पहिल्या दिवशी २४ मिनिटात दिवा गेला, मला वाटलं आता काका खोटे पडणार. दुसऱ्या दिवशी ५० मिनिटं झाली तरी चालूच, मीच घाबरून बंद केला. मग रविवार कारंजाजवळच्या ओळखीच्या दुकानातून दुसरा माणूस नेला, त्याने खालची प्लेट उघडली तर अर्धं घमेलं पांढरा चुरा निघाला, कॉइल दिसतच नव्हती, आणि थर्मोस्टॅटची नळी पुऱ्या क्षारात गाडलेली. थर्मोस्टॅट फोडून बघितला, कॉन्टॅक्ट काळा ठिक्कर. मॅग्नेशियमचा रॉड असतो म्हणे टाकी गंजू नये म्हणून, त्याची नुसती तार उरलेली, ७ वर्षांत कोणी सांगितलं नाही की तो बदलायचा असतो. थर्मोस्टॅट, रॉड, गॅस्केट नवीन, कॉइल घासून तीच ठेवली, मजुरीसकट १६०० गेले. कटआउट जुनाच आहे, ठणठणीत.

आता एकच शंका. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी येतंय, आधी कधी येत नव्हतं. बदलू का?

जुना_वायरमन
नका बदलू. तापताना पाणी फुगतं, ते बाहेर पडायला वाट पाहिजेच. आधी येत नव्हतं कारण जाम होता, साफ करताना सुटला असेल. गिझर बंद असताना, थंड असताना पण धार लागली तर मात्र बदला. आणि ते तोंड बुचाने बंद करू नका, खाली बादली ठेवा किंवा पाइप जोडून मोरीत सोडा. बोअर आहे तर दरवर्षी दिवाळीच्या आधी एकदा प्लेट उघडून घ्या.

भो_नाशिककर
जोडला परत कटआउट. काका आता खूश का 🙏