मदत हवी आहे: दादा इटलीहून बॅग आणतोय, ती कोणी शिवली हे कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी फोंड्याजवळ राहते. दादा क्रूझवर कामाला आहे (गोव्यातल्यांना सांगायला नको, आमच्या वाड्यावर कोणी ना कोणी बोटीवर असतंच). पुढच्या महिन्यात त्याची बोट जिनोआला लागेल, तेव्हा त्याला अर्धा दिवस मोकळा मिळणार आहे. लग्नाला दहा वर्षं होतात म्हणून वहिनीला डिओरची चामड्याची बॅग घ्यायचं त्याने केव्हाच ठरवलंय. त्यासाठी दोन कंत्राटांतले पैसे बाजूला टाकलेत. "कुठली घ्यायची ते तू बघ" म्हणून काम माझ्याकडे आलं.

रंग बघायला बसले आणि वाचता वाचता भलतीकडेच पोचले. जून २०२४ मध्ये मिलानच्या कोर्टाने डिओरची उपकंपनी मॅन्युफॅक्चर्स डिओर हिच्यावर प्रशासक नेमला होता. बॅगांचं काम मिलानच्या आसपास चिनी मालकांच्या छोट्या कारखान्यांत चालायचं. तिथले कामगार कारखान्यातच झोपायचे, रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही काम चालू असायचं. काम भराभर उरकावं म्हणून मशीनची सुरक्षेची साधनंसुद्धा काढून ठेवलेली. एका बॅगेमागे डिओर ५३ युरो द्यायची, तीच बॅग दुकानात २,६०० युरोला. ५३ मध्ये चामड्याचा खर्च धरलेला नाही, हे मान्य. तरीही मला पुढे वाचवेना, कारण समोर आई मशीनवर बसली होती.

आई गेली बावीस वर्षं घरी शिवण करते. दोन वर्षांपूर्वी किनाऱ्याकडच्या एका बुटीकने (नाव लिहीत नाही) तिला लिननचे तीन डझन ड्रेस शिवायला दिले. नगामागे १८० रुपये. सोबत लेबलांचं एक रीळ होतं, मानेच्या पट्टीखाली आतून हाताने टाचायचं. क्रीम रंगाची कापडी पट्टी, त्यावर बारीक तपकिरी इंग्रजी अक्षरं. आईला इंग्रजी वाचता येत नाही. सुईत दोरा ओवता ओवता तिने मला विचारलं, "काय गो लिहिलंय त्यावर?" मी वाचून दाखवलं: हाताने शिवलेलं, निसर्गाला जपणारं, कारागिराला योग्य मोबदला देऊन. आई काही बोलली नाही. छत्तीस लेबलं तिने तशीच, एकसारख्या बारीक टाक्यांनी लावली. शेवटच्या डझनाचे पैसे आजपर्यंत आलेले नाहीत. तो ड्रेस मी नंतर दुकानात टांगलेला बघितला, किंमत ६,५०० रुपये.

म्हणून कंपनीच्या वेबसाइटवरची गोड वाक्यं वाचून माझं समाधान होत नाही. लेबल कसं लागतं ते मी घरात बघितलंय.

दुसरी बाजूही वाचली. कंपनीने पुरवठादारांवरची देखरेख सुधारली म्हणून कोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मुदतीआधीच प्रशासक काढला. मग मे महिन्यात इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानेही (बाजारात कंपन्या नीट वागतात का हे बघणारी सरकारी संस्था) आपली चौकशी बंद केली. त्या वेळी कंपनीने पिळवणूक झालेल्या कामगारांच्या मदतीसाठी पाच वर्षांत २० लाख युरो द्यायचं कबूल केलं. मार्च २०२३ मध्ये याच डिओरने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला होता आणि भरतकाम करणाऱ्या मुंबईच्या 'चाणक्य'चं नाव उघडपणे घेतलं होतं. परदेशी ब्रँड भरतकाम मुंबईत करून घेतात, पण नाव घेत नाहीत, अशी तक्रार नेहमीची आहे. त्यामुळे हे मला मनापासून आवडलं. म्हणजे ही माणसं चांगलं वागू शकतात. मग बॅगेच्या वेळी काय झालं?

ब्रँड बदलावा म्हटलं तर अरमानीवर अशाच कारणाने एप्रिल २०२४ मध्ये प्रशासक आला होता आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ३५ लाख युरोंचा दंड झाला. जुलै २०२५ मध्ये लोरो पियाना या ब्रँडवरही प्रशासक आला. कोणाकडे जायचं?

दादाला "घेऊ नको" म्हणणार नाही. आठ-आठ महिने घराबाहेर राहून कमावलेले पैसे आहेत ते. पण वहिनीच्या खांद्यावर जे येईल ते कोणाची झोप मोडून आलेलं नसावं, एवढंच वाटतं. हे तपासायचं कसं? कोणाला या धंद्यातलं कळत असेल तर सांगा.

प्रतिसाद

ताई, मी मूळ कोल्हापूरचा, हल्ली म्हापशात असतो. घरात तीन पिढ्या चामड्याचं काम.

पहिलं म्हणजे 'मेड इन इटली'वर भिस्त ठेवू नका. तुम्ही लिहिलेले ते कारखाने इटलीतच होते, त्यामुळे शिक्का खोटा नव्हताच. दुकानात लेदर वर्किंग ग्रुपचं नाव सांगतील. ते चांगलं आहे, पण ते चामडं तयार करणाऱ्या कारखान्यांचं प्रमाणपत्र: पाणी, रसायनं, कचरा वगैरे. पुढे बॅग कोण शिवतो ते त्यात येत नाही. जगातलं बहुतेक चामडं क्रोमने (क्रोमियमच्या रसायनाने) कमावतात, काम एखाद्या दिवसात होतं आणि सांडपाणी नीट शुद्ध केलं नाही तर नदी नासते. आमच्या कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, त्याला आठवडे लागतात. तेव्हा चामडं कशाने कमावलंय हेही विचारा.

ब्रिटनमध्ये व्यवसाय करणाऱ्या, ३.६ कोटी पौंडांच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथल्या २०१५ च्या कायद्याने सक्तीच्या मजुरीबद्दल दरवर्षी निवेदन काढावं लागतं. ते कंपनीच्या वेबसाइटवर अगदी तळाशी असतं. त्यात किती कारखाने तपासले, पोटकंत्राट चालतं का आणि काय चुकीचं सापडलं, एवढंच वाचा. काहीच सापडलं नाही असं लिहिलं असेल तर नीट शोधलंच नाही असं मी समजतो.

आणि विचारायला लाजू नका. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. २०१९ पासून कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. इथून बोंब झाली तेव्हा त्यांना मूळ मान्य करावं लागलं. दादांना दुकानात दोनच प्रश्न विचारायला सांगा: ही बॅग कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात शिवली की बाहेर? बाहेर असेल, तर त्याला काम पुढे वाटायची मुभा आहे का? दुकानातल्या मुलीला माहीत नसणार, तिच्यावर रागावू नका. उत्तर ईमेलने लेखी मागा. नाहीतर चांगल्या स्थितीतली जुनी बॅग बघा, तिच्यासाठी नव्याने कोणाला राबावं लागत नाही.

धागाकर्ती

भाऊ, मनापासून आभार. शिक्का खरा असूनही हे होऊ शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काल रात्री दादाला सगळं व्हॉइस मेसेजवर सांगितलं. तो विचारायला तयार आहे. जुनी बॅग मात्र नको म्हणाला, पहिल्यांदाच काही मोठं घेतोय तर नवीच हवी. मला ते पटलं. आई ऐकत होती. म्हणाली, तिसरा प्रश्नही घाल, शिवणाऱ्याला पैसे वेळेवर देतात काय. घातला.

ब्रिटनच्या कायद्याखालचं निवेदन आज रात्री वाचते आणि काय सापडलं ते इथे लिहिते. तोवर एक मदत हवी आहे: हे तीन प्रश्न साध्या, सभ्य इटालियनमध्ये लिहून देणारं कोणी आहे का? दादाला मराठी, कोकणी, इंग्रजी येतं, इटालियन जहाजावर लागतं तेवढंच. बोट लागायला अजून तीन आठवडे आहेत.