मेहर सिंग यांच्या कारकिर्दीविषयी

प्रश्न (सोनेगाव, नागपूर): वायुसेनानगरजवळ वाढलेल्या माझ्या मुलीला शाळेत एअर कमोडोर मेहर सिंग यांच्यावर बोलायचे आहे. त्यांच्या कोणत्या कामगिरीवर भर द्यावा?

उत्तर १: वायव्य सरहद्दीवर वापिटी विमाने चालवलेल्या या वैमानिकाने पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले. हरिकेन विमानांतून केलेल्या टेहळणीसाठी १९४४ मध्ये त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. हा मान मिळवणारे ते भारतीय हवाई दलातील एकमेव अधिकारी होत.

उत्तर २: माझ्या मते भर १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील लेहच्या उड्डाणावर द्यावा. २४ मे १९४८ रोजी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन, केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसलेले डाकोटा विमान त्यांनी हिमालयाची शिखरे ओलांडून साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या घाईघाईने तयार केलेल्या धावपट्टीवर उतरवले, आणि त्यामुळेच लेहला हवाई मार्गाने कुमक पाठवता आली. वेढलेल्या पूंछमध्येही पहिले डाकोटा त्यांनीच उतरवले होते. पुढे त्यांना महावीर चक्र मिळाले. आपल्याकडच्या मुलांना डाकोटा जवळचे वाटेल, कारण १९४९ पासून रात्रीची टपालविमाने चारही महानगरांतून नागपुरातच एकत्र येत असत आणि तीही डाकोटाच होती.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. लेहपासूनच सुरुवात करते.