मदत हवी आहे: साउथ जर्सीत (न्यू जर्सी राज्याच्या दक्षिण भागात) वकिलाशिवाय घराचं क्लोजिंग (खरेदीचा व्यवहार पूर्ण करणं)?

नमस्कार मंडळी,

एडिसनचा कॉन्डो विकून चेरी हिलला घर घेतोय. एजंटबाई म्हणतात, "इकडे कोणी वकील लावत नाही, सगळं टायटल कंपनी बघते." (म्हणजे घराची मालकी तपासून तिचा विमा देणारी कंपनी.) मला आधी थाप वाटली, पण खरं आहे. नॉर्थ जर्सीत वकील ठरलेला, साउथला नाही. १९९५ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टानेच ही पद्धत चालू ठेवली. अट एवढीच, की एजंट आणि टायटल कंपनी तुमच्या बाजूचे नाहीत आणि वकील न घेण्यात जोखीम आहे, हे आधी लेखी सांगायचं. तो कागद करारासोबत आला, मी न वाचता सही करून मोकळा!

तसा मी वकिलांचा भक्त नाही. कॉन्डोच्या वेळी वकीलसाहेबांचं तोंडही दिसलं नाही, सगळं त्यांच्या पॅरालीगलने (वकिलाच्या मदतनिसाने) निस्तरलं. टायटल शोधणं, पैशांचा हिशेब, डीड (खरेदीखत) काउंटीत नोंदवणं ही कामं रोज करणाऱ्यालाच जमतात.

अडलंय भलतीकडेच. मालकाकडच्या जुन्या सर्व्हेत (जमीन मोजणीच्या नकाशात) शेजाऱ्याचा ड्राइव्हवे आमच्या हद्दीत दोनेक फूट घुसलेला दिसतो. टायटल कंपनीला फोन केला, तर तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "पॉलिसीत तेवढा अपवाद लिहू. पुढे तुम्हाला काय त्रास होईल, ते आम्हाला सांगता येत नाही." म्हणजे विमा आहे, दुखतंय तेवढंच सोडून.

सह्या झालेला करार गुरुवारी रात्री हातात आला. वकिलाकडून तपासून घ्यायचे तीन कामाचे दिवस मंगळवारी संपतात, मग करार पक्का. एवढ्या एका गोष्टीपुरता वकील मिळतो का? नाहीतर मीच ईमेल टाकून माघार घेतो.

खारी_बिस्कीट: आम्ही त्याच भागात वकिलाशिवाय घर घेतलं, काही बिघडलं नाही. पण आमच्या हद्दीत कोणी घुसलेलं नव्हतं. आणि तुमच्या ईमेलला किंमत नाही हो. त्या तीन दिवसांत करार नामंजूर करायचा तर कळवायला वकीलच लागतो.

धागाकर्ता: काय सांगता! एजंटबाई तर म्हणाल्या होत्या, "नको वाटलं तर मला मेसेज करा." आत्ताच दोन ठिकाणी निरोप ठेवले. एकीकडून सोमवारी नऊची वेळ मिळाली आहे, सर्व्हे घेऊन जातो.