अनुभव धागा: ‘ड्यूड’ म्हणजे नक्की काय?

परवा ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर माझ्या हातून भलतंच फोल्डर डिलीट झालं. पलीकडचा सहकारी एवढंच म्हणाला, “ड्यूड...” आवाज खाली खाली उतरत गेलेला. पाच मिनिटांनी बॅकअप सापडला तेव्हा तोच, “ड्यूऽऽड!” आणि कॉल संपताना दबक्या आवाजात, “ड्यूड, साहेबांना सांगू नकोस.” शब्द एकच, अर्थ तीन. तुमच्या वाट्याला तो कुठल्या अर्थाने आला? लिहा. फजिती झाली असेल तर आधी ती.

*

माझी गाडी उलटीकडून निघाली. मी हा शब्द शब्दकोशातून शिकलो आणि माझ्या लक्षात राहिला तो त्याचा जुना अर्थ: नटवा, कपड्यांची नको इतकी हौस असलेला पुरुष. 1883 मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा शब्द बोकाळला तो अशाच छानछोकी पोरांची टर उडवायला. ‘यांकी डूडल’ या जुन्या अमेरिकी गाण्यातल्या डूडलशी त्याचं नातं असावं असं काही अभ्यासक मानतात. पुढे अमेरिकेच्या पश्चिमेकडचे लोक शहरी पाहुण्यांना ड्यूड म्हणू लागले. अशा पाहुण्यांची सोय करणाऱ्या रँचला (गुरं-घोडे पाळायच्या मोठ्या शेताला) अजूनही ‘ड्यूड रँच’च म्हणतात. तर मित्राने पहिल्यांदा मला ड्यूड म्हटलं, तेव्हा मी मुकाट्याने स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. कडक इस्त्रीचा होता. दुसऱ्या दिवशी चुरगळलेला घालून गेलो. तरी ड्यूडच!

*

लेक सोळाची. “ड्यूड, माझा चार्जर कुठंय?” हे मला! म्हटलं, बाई, मी तुझी आई आहे. त्यावर, “ड्यूड, चिल.” मला हसूच फुटलं, मग कसली रागावतेय. तिचं म्हणणं, आपण ‘अगं’ म्हणतो ना, तसंच हे. असेल. पण ‘अगं’मध्ये समोर बाई आहे एवढं तरी कळतं.

*

वरच्या ताईंचं वाचून आठवलं. टीममध्ये मी एकटी मुलगी. बाकीचे आपापसांत ड्यूड आणि मला मात्र नावाने हाक. सहा महिने असंच. एकदा रात्रभर बसून मी एक चिवट बग शोधला आणि सकाळी पहिल्यांदा ऐकलं, “ड्यूड, कसं काय सापडलं तुला?” बरं वाटलं. बरं वाटल्याचा थोडा रागही आला. नंतर स्कॉट कीसलिंग या भाषाशास्त्रज्ञाचा 2004 चा या एकाच शब्दावरचा निबंध वाचनात आला. त्याचं निरीक्षण असं की तरुण पुरुषांना एकमेकांशी जवळीक दाखवायची असते, पण फार जवळीक दिसायला नको असते. ती कसरत हा शब्द करतो. मला ते तंतोतंत पटलं. त्या सकाळी मलाही त्या कसरतीत घेतलं होतं.

*

मेसेजवर हा शब्द वापरूच नये. मैत्रिणीला नव्या घराचे फोटो पाठवले, उत्तर आलं: “ड्यूड.” पुढे पूर्णविराम. दोन तास मी भिंतींचा रंग बघत बसले. तिला म्हणायचं होतं, शब्दच सुचत नाहीत इतकं छान!

*

मी सबटायटलं करतो. एका सीनमध्ये दोन मित्रांचं भांडण, त्यात अकरा वेळा ड्यूड. पहिल्याला ‘अरे’ केलं, दुसऱ्याला ‘लेका’. तिसरा नुसता उसासा होता, तिथे ‘अरेरे’ जरा नाटकी झालं म्हणून ‘बाबा रे’ केलं. ‘भावा’ दोनदा चाललं, तिसऱ्यांदा खटकलं. एक ‘ड्यूड’ म्हणजे सरळ ‘गप्प बस’ होता, तर तेच लिहिलं. शेवटचा, माफी मागतानाचा, काही केल्या मराठीत येईना. दोघांचे चेहरे पडद्यावर दिसतच होते, म्हणून तिथे काहीच लिहिलं नाही, जागा कोरी सोडली. क्लायंटने तेवढी एकच दुरुस्ती केली: ‘मित्रा’.